प्लॅस्टिकचा स्वस्त फिल्म कॅमेरा : एक आढावा, भिलाईच्या संदर्भासह

ज्या फिल्म कॅमेऱ्याचा सांगाडा प्लॅस्टिकचा, बहुधा भिंगही प्लॅस्टिकचे, शटरला एखाददुसराच वेग आणि किंमत खेळण्याच्या आसपास, त्याला जगभर ‘टॉय कॅमेरा’ म्हणतात. व्याख्या सैल आहे. हाँगकाँगचे डायना आणि होल्गा हे कॅमेरे तिच्यात निर्विवाद बसतात. एकदा वापरून परत द्यायचे डिस्पोजेबल कॅमेरे, ११० च्या कार्ट्रिजवर चालणारे खिशातले कॅमेरे, आपल्याकडचा आग्फा क्लिक थ्री किंवा कोडॅकचा केबी-१० यांना त्यात धरायचे की नाही, यावर एकमत नाही. याउलट रशियन लोमो एलसी-ए या कॅमेऱ्याला काचेचे भिंग आणि आपोआप एक्सपोजर ठरवणारी यंत्रणा असूनही त्याचे नाव या यादीत हमखास येते, कारण या छंदाची आजची चळवळ त्याच्याभोवती उभी राहिली.

गेल्या पन्नास वर्षांत या कॅमेऱ्यांवर बरेच लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या अनुभवावर बेतलेले आहे. तिथे चांगला कॅमेरा हाताशी असलेला माणूस मुद्दाम वाईट कॅमेरा उचलतो. भारतातल्या मध्यमवर्गीय घरात प्लॅस्टिकचा साधा कॅमेरा हा बहुधा घरातला पहिला आणि एकमेव कॅमेरा होता. भिलाईसारख्या पोलादनगरीचा विचार करताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

यंत्र आणि त्याचे दोष

टॉय कॅमेऱ्याचे भिंग बहुधा एकाच तुकड्याचे, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोलगट असते. ही कल्पना नवी नाही. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वॉलस्टन याने १८१२ मध्ये कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी असेच भिंग सुचवले होते, म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्याच्याही आधी. अशा भिंगातून आलेला लाल आणि निळा प्रकाश नेमका एका ठिकाणी एकवटत नाही, त्यामुळे रंगांच्या कडा किंचित सुटलेल्या दिसतात. प्रतिमेची पातळी सपाट नसून वाटीसारखी वळलेली असते आणि फिल्म मात्र सपाट ताणलेली असते. म्हणून मध्यभाग बऱ्यापैकी स्पष्ट आणि कडेला जाल तसा पुसट, असे चित्र मिळते. कोपऱ्यांत प्रकाश कमी पोचल्याने ते काळवंडतात. महागड्या भिंगात चार-सहा तुकडे जोडून हे सगळे दोष एकमेकांकडून कापून घेतले जातात. इथे ते जसेच्या तसे राहतात.

होल्गा हा नमुना म्हणून घेता येतो. त्याचे भिंग ६० मिलिमीटरचे, लिहिलेले छिद्र एफ/८, शटरचा वेग साधारण १/१०० सेकंद. अंतर ठरवायला भिंगाच्या कड्यावर चार चित्रे असतात : एक माणूस, लहान कुटुंब, घोळका आणि डोंगर. ऊन आणि ढग अशी दोन चित्रे असलेला खटकाही असतो, पण सुरुवातीच्या मॉडेलांत तो कुठेही सरकवला तरी फरक पडत नसे, कारण त्याच्या मागचे कायमचे छिद्र दोन्हींपेक्षा लहान होते. प्रत्यक्षातले छिद्र एफ/१३ च्या जवळपास भरते. विकत घेणाऱ्याला हे ठाऊक नसे. ठाऊक झाल्यावरही कोणाची तक्रार फारशी ऐकू आली नाही, हे या छंदाच्या स्वभावाला धरूनच आहे.

फिल्म १२० ची, म्हणजे पाठीला कागद लावलेला रुंद रोल. कागदावर छापलेले आकडे कॅमेऱ्याच्या पाठीवरल्या लाल खिडकीतून पाहत रोल पुढे सरकवायचा असतो. शटर आणि रोल फिरवण्याची चकती यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. चकती फिरवायला विसरले तर एकाच चौकटीवर दोन चित्रे उमटतात, दोनदा फिरवली तर एक चौकट कोरी जाते. रोल सैल गुंडाळला गेला की बाहेर काढताना त्याच्या कडेने प्रकाश शिरतो. पाठीचे झाकण धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा निसटतात, आणि त्या निसटल्या तर सगळाच रोल गेला. म्हणून काळी चिकटपट्टी हे या कॅमेऱ्याचे अलिखित उपांग आहे. लाल खिडकीवर, झाकणाच्या फटींवर आणि क्लिपांवर ती लावली जाते. रीळ घट्ट बसावे म्हणून खाली पुठ्ठ्याचा किंवा स्पंजाचा तुकडाही घालतात.

खेळण्यापासून कलादालनापर्यंत

सर्वांना परवडणारा कॅमेरा ही कल्पना कोडॅकच्या ब्राउनीपासून धरली जाते. फेब्रुवारी १९०० मध्ये तो एका डॉलरला बाजारात आला आणि त्याची पेटी पुठ्ठ्याची होती. १९३४ च्या बेबी ब्राउनीची पेटी बॅकेलाइटची झाली. १९६३ मध्ये इन्स्टामॅटिकने रोल भरण्याची कटकटही संपवली. या सगळ्यांचा हेतू शक्य तितके चांगले चित्र कमीत कमी पैशांत मिळावे असा होता.

१९६० च्या दशकात हाँगकाँगमधल्या ग्रेट वॉल प्लॅस्टिक कारखान्याने डायना काढला, तेव्हा हा हेतूही जरा बाजूला पडला. डायना जत्रेतल्या बक्षिसासारखा किंवा जाहिरातीची भेटवस्तू म्हणून वाटला जाई. १२० च्या रोलवर तो सोळा लहान चौकोनी चित्रे काढत असे. त्याचे उत्पादन सत्तरच्या दशकात थांबले. होल्गाचा उगमही हाँगकाँगचाच. ली टिंग-मो यांच्या युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बनवला. चीनमध्ये तेव्हा १२० चा रोल सहज मिळे, म्हणून तो तिथल्या सामान्य कुटुंबांसाठी योजला होता. पण लवकरच ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांची लाट आली आणि होल्गाला परदेशी बाजार शोधावा लागला. घरगुती वापरासाठी बनलेली वस्तू अशा रीतीने परदेशातल्या हौशी कलावंतांच्या हाती गेली.

त्याआधीच अमेरिकेत डायनाला कलेच्या वर्गात जागा मिळाली होती. ओहायो विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या हाती हा कॅमेरा देण्याची पद्धत होती, म्हणजे यंत्रावर विसंबण्याची सवय सुटावी. तिथेच शिकलेल्या नॅन्सी रेक्सरॉथ यांचे ‘आयोवा’ हे डायनाने काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तक १९७७ मध्ये आले. त्यातली बहुतेक छायाचित्रे आयोवातली नसून ओहायोतली आहेत. आयोवा ही त्यांच्या बालपणीच्या आठवणीतली जागा होती, आणि पुसट कडांच्या चित्रांनी तो आठवणीचा पोत पकडला, असे मानले जाते. पुढे डेव्हिड फेदरस्टोन यांनी डायनाच्या छायाचित्रांचे प्रदर्शन आणि पुस्तक सिद्ध केले, आणि खेळण्याला समीक्षेच्या भाषेत जागा मिळाली.

दुसरा टप्पा व्हिएन्नाचा. काही ऑस्ट्रियन विद्यार्थ्यांना १९९१ मध्ये प्रागमध्ये लोमो एलसी-ए सापडला. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यात १९८४ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत होते. १९९२ मध्ये लोमोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि छंदाला नियम, प्रदर्शने, घोषणा आणि दुकाने मिळाली. तिनेच २००७ मध्ये डायनाची नवी आवृत्ती काढली. जुना डायना ज्या किमतीला मिळे, त्याच्या कितीतरी पट ही किंमत होती. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

तिसरा टप्पा पत्रकारितेचा. अमेरिकी छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांचे प्रचारातले छायाचित्र होल्गाने काढले आणि त्याला व्हाइट हाउसच्या वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. मायकल केना यांच्यासारख्या निसर्गचित्रणातल्या मोठ्या नावानेही होल्गाच्या छायाचित्रांचे स्वतंत्र पुस्तक केले. चौथा टप्पा मोबाइलचा, आणि तो सर्वांत व्यापक ठरला. इन्स्टाग्रामचे संस्थापक केव्हिन सिस्ट्रॉम फ्लोरेन्समध्ये शिकत असताना शिक्षकाने त्यांचा भारी कॅमेरा काढून घेऊन हाती होल्गा दिला होता. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामची चौकोनी चौकट आणि रंग बिघडवणारे फिल्टर यांचे मूळ त्यांनी स्वतः तिथे सांगितले आहे. काळवंडलेले कोपरे आता बोटाच्या एका स्पर्शाने मिळू लागले. २०१५ मध्ये होल्गाचे उत्पादन बंद झाले. साचे मोडून टाकल्याचे सांगण्यात आले, तरी २०१७ मध्ये तो पुन्हा बाजारात आला.

भारतातली वाट

भारतात ही गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयातीवर कडक परवाने आणि जबर कर होते, त्यामुळे परदेशी कॅमेरा नातेवाइकाच्या सामानातून येई किंवा येतच नसे. कच्च्या मालाची बाजू सांभाळण्यासाठी केंद्र सरकारने १९६० मध्ये उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. तिचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि ‘इंदू’ हे तिच्या मालाचे नाव देशभर पोचले.

कॅमेऱ्याच्या बाबतीत सामान्य माणसाच्या हाती आला तो आग्फा क्लिक थ्री. मूळ जर्मन क्लिक मालिका पन्नासच्या दशकाच्या अखेरची. न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने आग्फा-गेव्हर्टच्या सहकार्याने तिची भारतीय आवृत्ती बनवली. काळे प्लॅस्टिक, समोर गोल भिंग, १२० चा रोल, बारा चौकोनी चित्रे. लग्न, मुंज, सहल, शाळेचे स्नेहसंमेलन या प्रसंगांसाठी तो पुरेसा होता. रोल बाराच चित्रांचा असल्याने प्रत्येक चित्र मोजून काढले जाई, आणि एकच रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवला जाई. ऐंशीच्या दशकात फोटोफोन कंपनीचा हॉट शॉट आला. त्याच्या जाहिरातीतला ‘खटॅक’ हा आवाज त्या पिढीला अजून आठवतो. उदारीकरणाच्या आसपास आणि नंतर याशिकाचा एमएफ-२ आणि कोडॅकचा केबी-१० यांनी ३५ मिलिमीटरचा रंगीत रोल घरोघर नेला, आणि गल्लोगल्ली मिनीलॅब उभ्या राहिल्या.

क्लिक थ्री आणि होल्गा यांच्या रचनेत नात्यातले साम्य आहे : १२० चा रोल, चौकोनी चौकट, साधे भिंग, चित्रखुणांनी ठरवायचे अंतर आणि प्रकाश. तरीही क्लिक थ्रीला त्या काळी कोणी खेळणे म्हटले नाही. कपाटात कुलूपबंद ठेवायची ती चीज होती, आणि मुलांना त्याला हात लावण्याची मुभा नसे.

मुद्दाम साध्या साधनांकडे वळण्याची चळवळ भारतात उशिरा आणि लहान प्रमाणात आली. गोव्यात पी. माधवन यांनी उभारलेल्या गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेने पिनहोल कॅमेरा आणि छपाईच्या जुन्या प्रक्रिया शिकवल्या. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्टने घरगुती छायाचित्रांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला लावले. गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये सुरू झालेल्या म्युझिओ कॅमेरा या संग्रहालयाने जुनी यंत्रे एका छताखाली आणली. हे तिन्ही प्रयत्न टॉय कॅमेऱ्याच्या छंदाला समांतर जाणारे आहेत, थेट त्यातले नाहीत.

भिलाई : ऊन, पाऊस आणि रोल

भिलाई ही योजून वसवलेली नगरी. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे इथे नोकरीला आली. नागपूर-विदर्भाकडून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असल्याने आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडशी संबंध असल्याने मराठी कुटुंबांचा त्यात वाटा होता. सेक्टरांची आखीव वस्ती, एकसारखे क्वार्टर, नियमित पगार आणि गावाकडे राहिलेले नातलग, ही घरगुती कॅमेऱ्यासाठी अनुकूल परिस्थिती होती. गावी पाठवलेल्या फोटोतून नवे घर, नवी सायकल आणि वाढणारी मुले दिसत.

सोव्हिएत संबंधामुळे भिलाईच्या बाबतीत कॅमेऱ्यांची आणखी एक शाखा विचारात घ्यावी लागते. ज्या लेनिनग्राडच्या कारखान्याने पुढे एलसी-ए बनवला, त्यानेच स्मेना ८-एम हा प्लॅस्टिक सांगाड्याचा स्वस्त कॅमेरा आणि दोन भिंगांचा ल्युबितेल बनवला. स्मेना ८ आणि ८-एम मिळून दोन कोटींहून अधिक निघाले. दोन्हींची भिंगे काचेची आणि तीन तुकड्यांची होती, म्हणून शुद्धतावादी त्यांना टॉय कॅमेरा मानत नाहीत. स्मेनावर मात्र हवामानाची चित्रे पाहून एक्सपोजर ठरवण्याची सोय होती, आणि तत्त्व तेच : वापरणाऱ्याला आकडेमोड न करता चित्र मिळावे.

आजच्या घडीला भिलाईत असा कॅमेरा चालवायचा तर पहिला प्रश्न उन्हाचा. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की भर उन्हात एफ/१६ छिद्र ठेवले तर शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याइतका हवा. होल्गाचे खरे छिद्र एफ/१३ आणि वेग १/१०० धरला, तर मे महिन्यातल्या दुपारी १०० आयएसओची फिल्म अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) किंचित जास्त प्रकाश घेते. हे चालण्यासारखे आहे. त्याच उन्हात ४०० ची फिल्म घातली तर प्रकाश अडीच स्टॉपहून जास्त होतो. रंगीत किंवा काळी-पांढरी निगेटिव्ह तो बऱ्याच अंशी सोसते, स्लाइड फिल्म अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात गणित उलटते. ढगाळ दिवशी १०० ची फिल्म जवळपास दीड स्टॉप उपाशी राहते आणि ४०० ची नेमकी बसते. काळ्या ढगांच्या संध्याकाळी ४०० देखील अपुरी पडते. क्वार्टरच्या आतल्या खोलीत फ्लॅशशिवाय काहीच होत नाही. थोडक्यात, मे महिन्यात १०० आणि जुलैत ४००, हा भिलाईपुरता व्यवहार्य नियम. मात्र प्रत्येक नगाच्या शटरचा वेग थोडा वेगळा असतो, म्हणून पहिला रोल कॅमेऱ्याची ओळख करून घेण्यात जातो हे गृहीत धरावे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवलेला रोल त्याहून कितीतरी जास्त तापतो. तापलेल्या फिल्मवर धुके चढते आणि रंग सरकतात. काळे प्लॅस्टिक ऊन शोषून घेते, आणि कडक उन्हात झाकणाच्या बारीकशा फटीतूनही लाल-नारिंगी पट्टा उमटायला वेळ लागत नाही. रोल भरणे आणि काढणे सावलीतच करावे. पावसाळ्यातले संकट वेगळे : दमट कपाटात निगेटिव्हच्या जिलेटिनवर बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या भिंगावर चरे आले तरी चित्रात फारसा फरक दिसत नाही, निगेटिव्हवरची बुरशी मात्र कायमची.

तिसरा प्रश्न धुलाईचा. मिनीलॅब बंद पडत गेल्यावर लहान शहरांतल्या हौशी माणसाला रोल कुरियरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो, नाहीतर घरी धुवावा लागतो. काळी-पांढरी फिल्म धुण्याच्या डी-७६ सारख्या रसायनाचे प्रमाण तापमान २० अंश आहे. भिलाईच्या मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी त्याहून बरेच गरम असते, म्हणून बर्फाच्या परातीत भांडी ठेवून काम करावे लागते. गंमत अशी, की अवघड समजल्या जाणाऱ्या रंगीत सी-४१ प्रक्रियेला जवळपास ३८ अंश लागतात. उन्हाळ्यात ते गाठायला इथे फार खटपट नको.

विषयांच्या बाबतीतही मर्यादा आहेत. कारखान्याच्या आत परवानगीशिवाय कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे टॉय कॅमेऱ्याचे क्षेत्र म्हणजे वस्ती : सेक्टरांचे झाडांनी झाकलेले रस्ते, सिव्हिक सेंटर, आठवडी बाजार, भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने १९७२ मध्ये उभारलेली मैत्री बाग. यातले बहुतेक विषय होल्गाच्या भिंगाला मानवतात, कारण ६ बाय ६ सेंटिमीटरच्या चौकटीवर ६० मिलिमीटरचे भिंग बऱ्यापैकी रुंद दृश्य घेते. मैत्री बागेतल्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या वाघासाठी ते निरुपयोगी आहे, वाघ ठिपक्याएवढा येईल. रात्री तप्त मळी ओतली जाते तेव्हा क्षितिज तांबूस होते. ते दृश्य १/१०० सेकंदात उमटत नाही. पुढच्या होल्गा मॉडेलांत शटर उघडे ठेवण्याची ‘बी’ सोय आणि तिकाटण्याचा आटा आला, त्यावर ते काही प्रमाणात साधता येते.

वादातल्या भूमिका

या कॅमेऱ्यांविषयीची सर्वांत जुनी भूमिका शिक्षकांची आहे. छिद्र, वेग आणि अचूक अंतर ठरवण्याची सोयच नसेल, तर विद्यार्थ्याचे लक्ष उरलेल्या गोष्टींकडे जाते : कुठे उभे राहायचे, प्रकाश कुठून येतो, चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे. या मताला वजन आहे. त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे : एक्सपोजर न शिकवणारे यंत्र छायाचित्रणाचे अर्धे शिक्षण देते, आणि चित्र बिघडले तर दोष कॅमेऱ्यावर टाकण्याची सोय करून ठेवते. हाती साधा पण नियंत्रण देणारा कॅमेरा देऊनही तीच शिस्त लावता येते, असे या पक्षाचे म्हणणे.

दुसरी भूमिका योगायोगाला महत्त्व देते. प्रकाशाची गळती, दोनदा उघडलेली चौकट, अनपेक्षित रंग यांतून माणसाच्या योजनेबाहेरचे काहीतरी चित्रात येते आणि तेच त्याचे मोल, असे तिचे समर्थक मानतात. टीकाकारांचे उत्तर असे, की कोपरे नेहमी काळवंडतात आणि मध्य नेहमी स्पष्ट राहतो, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. ती एक ठरीव शैली झाली. रेक्सरॉथ यांच्या छायाचित्रांकडे पाहिल्यावर या वादात टीकाकारांची बाजू अर्धीच खरी वाटते. त्यांनी दोषांचा अंदाज घेऊन त्यांचा वापर केला, आणि हे कौशल्यच आहे. पण तसे करणारे थोडे, आणि फक्त कॅमेऱ्याच्या भरवशावर राहणारे पुष्कळ.

तिसरा वाद पैशांचा आहे. काही डॉलरचा कॅमेरा चळवळीच्या वेष्टनात महाग झाला, याबद्दल लोमोग्राफीवर टीका होते. समर्थक सांगतात, की या कंपन्यांनी मागणी टिकवली नसती तर काही फिल्मप्रकार केव्हाच संपले असते, आणि त्यात तथ्य आहे. ११० ची फिल्म मोठ्या कंपन्यांनी सोडून दिल्यावर २०१२ मध्ये लोमोग्राफीनेच ती पुन्हा बाजारात आणली. भारतीय वाचकाच्या दृष्टीने कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा रोलची किंमत, आयातीचा खर्च आणि धुलाई हे जास्त जाचतात. कोडॅकच्या नावाने २०२२ मध्ये आलेला एक्टार एच-३५ हा अर्ध्या चौकटीचा प्लॅस्टिक कॅमेरा याच जाचावरचा उतारा आहे. ३६ चित्रांच्या रोलवर तो ७२ काढतो.

चौथी भूमिका वृत्तछायाचित्रणाच्या नीतीशी निगडित आहे. बर्नेट यांच्या छायाचित्राला आक्षेप फारसा आला नाही, कारण विकृती भिंगाची होती आणि निगेटिव्ह पुरावा म्हणून हाती होती. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे डेमन विंटर यांनी अफगाणिस्तानात मोबाइलमधल्या हिप्स्टामॅटिक या ॲपने काढलेल्या छायाचित्रांना ‘पिक्चर्स ऑफ द इयर’ स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला, तेव्हा मात्र जोरदार वाद झाला. भिंगाने केलेला बदल चालतो आणि तोच बदल आज्ञावलीने केला तर का चालत नाही, याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

या चारही वादांत एक गृहीतक समान आहे : वापरणाऱ्यासमोर निवड होती. क्लिक थ्री वापरणाऱ्या भिलाईच्या कर्मचाऱ्यासमोर ती नव्हती. त्याच्या अल्बममधल्या पुसट कडा ही कोणाची शैली नव्हती. तो सोसलेला दोष होता, आणि फोटो स्टुडिओत काढलेले एक स्पष्ट छायाचित्र त्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त मोलाचे वाटे. आजच्या छंदाची भाषा त्या अल्बमना लावली की त्यांच्यावर अन्याय होतो. सारखे दिसणारे दोन दोष सारख्या अर्थाचे नसतात, एवढे तरी या चर्चेने मान्य करायला हवे.

काय सुटलेले नाही

फिल्मच्या पुरवठ्याचा प्रश्न सर्वांत आधी येतो. हिंदुस्तान फोटो फिल्म्स बंद झाल्यापासून भारतातला हौशी छायाचित्रकार पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. विमानतळांवर बसवले जाणारे नवे सीटी स्कॅनर कोणत्याही वेगाच्या न धुतलेल्या फिल्मला अपाय करू शकतात. फिल्म कंपन्या ती हाताने तपासून घेण्याचा सल्ला देतात. प्लॅस्टिक कॅमेरा, रसायने आणि डिस्पोजेबल प्रकारातला कचरा यांचा हिशेब या छंदाच्या लेखनात अजून गंभीरपणे मांडला जात नाही.

दुसरा प्रश्न शैलीच्या भवितव्याचा. तोच परिणाम मोबाइलमध्ये फुकट मिळत असताना प्लॅस्टिकचा फिल्म कॅमेरा कशासाठी, याला दिली जाणारी उत्तरे दोन आहेत. एक, निकालासाठी थांबावे लागते आणि चित्रे मोजकी असतात. दोन, निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू आहे. पहिले उत्तर स्वभावावर अवलंबून असल्याने त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरे तपासता येते, आणि त्यात बळ आहे.

त्यातूनच घरगुती संग्रहांचा तिसरा प्रश्न निघतो. सार्वजनिक क्षेत्रातल्या पोलादनगरीचे अधिकृत छायाचित्रण भट्ट्या, उद्घाटने आणि पाहुणे यांच्याभोवती फिरते. क्वार्टरमागचा भाजीचा वाफा, सेक्टरमधला गणपती, कामावरून परतलेला गणवेशातला माणूस हे क्लिक थ्री, हॉट शॉट आणि केबी-१० यांनीच टिपले. त्या पिढीतले बरेच कर्मचारी निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आपापल्या प्रांतात परतले आणि अल्बमही त्यांच्याबरोबर गेले. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह नीट ठेवल्या तर अनेक दशके टिकतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या रंगीत प्रिंट आधीच लालसर किंवा पिवळट पडू लागल्या आहेत. भिलाईच्या सिव्हिक सेंटरमध्ये पोलाद कारखान्याची नेहरू आर्ट गॅलरी आहे, आणि अशा संग्रहाचे प्रदर्शन भरवण्यासाठी तिच्याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही. ज्यांच्याकडे असे अल्बम आहेत त्यांनी प्रिंटबरोबर निगेटिव्हही जपाव्यात, बटरपेपरच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवाव्यात आणि पाठीवर वर्ष, सेक्टर आणि माणसांची नावे लिहून घ्यावीत.

कपाटातल्या जुन्या यंत्रांचे भवितव्य त्यांच्या फिल्मवर ठरते. इन्स्टामॅटिकची १२६ ची फिल्म आता कोणी बनवत नाही. ११० ची मोजक्या प्रकारांत मिळते. क्लिक थ्रीला लागणारा १२० चा रोल १९०१ पासून आजतागायत बनत आहे, आणि कॅमेऱ्याचे शटर चालू असेल तर तो त्यात आजही भरता येतो.